आर्थिक अंदाज विकणाऱ्या संस्थेला पैसे द्यावेत का?

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरजवळ एका कुटुंबाची फाउंड्री आहे. धंद्यातून साठलेला पैसा डेट फंड (रोख्यांत पैसे लावणारे म्युच्युअल फंड), सरकारी रोखे आणि थोडाफार शेअर्समध्ये आहे. मुंबईतल्या एका स्वतंत्र आर्थिक अंदाज संस्थेने त्यांच्यापुढे वार्षिक वर्गणीचा प्रस्ताव ठेवलाय. ‘आमचा जीडीपीचा अंदाज बँकांपेक्षा अचूक असतो’ असं माहितीपत्रकात ठळक छापलंय. रक्कम किरकोळ नाही. प्रश्नकर्ते विचारतात: घ्यावी का? आणि या लोकांना खरंच काही कळतं का?

आधी माझी बाजू सांगून टाकते. मी या धंद्यात बावीस वर्षं आहे. पहिली सात एका बँकेच्या ट्रेझरीत, म्हणजे बँकेचे रोख्यांचे व्यवहार बघणाऱ्या विभागात, अर्थतज्ज्ञ म्हणून गेली, त्यानंतर स्वतंत्र संस्थेत. म्हणजे तुम्ही ज्या दुकानाबद्दल विचारताय, तसल्याच दुकानाच्या गल्ल्यावर मी बसते. पुढचं सगळं तो हिशेब धरून वाचा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. कळतं, बरंच कळतं. पण माहितीपत्रकात ठळक छापलंय, ते नाही.

दोन तारखा घ्या. 29 फेब्रुवारी 2024 ला ऑक्टोबर-डिसेंबर 2023 तिमाहीचा जीडीपी आला. बाजारातल्या अर्थतज्ज्ञांचा सरासरी अंदाज साडेसहाच्या आसपास होता, आकडा आला 8.4 टक्के. त्यानंतर 29 नोव्हेंबर 2024 ला जुलै-सप्टेंबर 2024 चा आकडा आला. या वेळी लोक साडेसहा धरून बसले होते, खुद्द रिझर्व्ह बँकेने 7 टक्के सांगितले होते, आणि आले 5.4. नऊ महिन्यांत एकदा खालून चुकलो, एकदा वरून. बँकवाले चुकले, स्वतंत्रवाले चुकले, ज्यांच्याकडे सगळ्यात जास्त माहिती असते ती रिझर्व्ह बँकही चुकली. त्या दोन्ही संध्याकाळी आमच्या ऑफिसात फोन उचलायची हिंमत फार कुणाला नव्हती.

मात्र या दोन चुका एका जातीच्या नव्हत्या, आणि तुमच्या पैशांचा प्रश्न नेमका तिथे आहे.

पहिल्या वेळी जीडीपी 8.4 असला तरी सकल मूल्यवर्धन, म्हणजे ज्याला आम्ही जीव्हीए म्हणतो, ते 6.5 टक्केच होतं. जीव्हीएमध्ये अप्रत्यक्ष कर मिळवले आणि अनुदानं वजा केली की जीडीपी होतो. त्या तिमाहीत सरकारचा अनुदानावरचा खर्च घटला, कर वाढले, आणि ही निव्वळ कराची बाब तीस टक्क्यांहून जास्त फुगली. कारखाने, शेतं, दुकानं यांच्यात त्या तिमाहीत वेगळं असं काही घडलेलं नव्हतं. म्हणजे अर्थव्यवस्थेबद्दलचा आमचा अंदाज फारसा चुकला नव्हता, चुकला होता तो सरकारी जमाखर्चाबद्दलचा. ज्या संस्थेने त्याच संध्याकाळी ग्राहकांना फोन करून ‘8.4 बघून रोखे विकू नका, जीव्हीए बघा’ एवढं सांगितलं, तिची वर्गणी त्या एका फोनात वसूल झाली. कारण वाढ जोरात दिसली की व्याजदर चढतील आणि रोख्यांचे भाव पडतील या भीतीने लोक रोखे विकायला धावतात.

दुसऱ्या वेळची चूक खरी होती. कारखानदारीची वाढ अवघी 2.2 टक्क्यांवर आली होती. ती दिसायला हवी होती, कारण ऑक्टोबरच्या मध्यापासून कंपन्यांचे निकाल येत होते आणि नफे अशक्त होते. तिमाही जीडीपीत कारखानदारीचं मूल्यवर्धन मोठ्या प्रमाणात लिस्टेड कंपन्यांच्या निकालांवरून काढलं जातं. मूल्यवर्धन म्हणजे विक्रीतून कच्च्या मालाचा खर्च वजा जाता जे उरतं ते. हे तुम्हाला मी काय सांगू! तुमच्या भट्टीतून या तिमाहीत तेवढेच टन ओतले, पण स्क्रॅप आणि पिग आयर्न महाग झालं आणि गिऱ्हाइकाने भाव वाढवून दिला नाही, तर टन तेवढेच राहून तुमचं मूल्यवर्धन घसरतं. आमच्यातले बरेच जण पोलाद किती विकलं, सिमेंट किती गेलं, विजेची मागणी किती, हे मोजत बसले होते. म्हणजे टन मोजत होते, उरलेला पैसा मोजत नव्हते.

तेव्हा संस्थेला पहिला प्रश्न ‘तुमचा आकडा किती बरोबर येतो’ असा विचारू नका. ‘हा आकडा कसा तयार होतो ते तुम्हाला किती ठाऊक आहे’ हे विचारा. अर्थव्यवस्था एक असते आणि तिचा छापून येणारा आकडा दुसरा असतो. रोख्यांचा बाजार आकड्यावर हलतो, तुमची कास्टिंग्ज मात्र अर्थव्यवस्थेत विकली जातात.

या बाबतीत मी स्वतः एकदा चांगलीच पोळले आहे. 8 नोव्हेंबर 2016 च्या नोटाबंदीनंतर मी वाढीचा अंदाज जोरात खाली आणला. कारण डोळ्यांसमोर होतं: बाजार समित्या ओस, बांधकामावरचे मजूर गावी परतलेले, छोटे कारखानदार पगाराला रोकड नाही म्हणून हवालदिल. 28 फेब्रुवारी 2017 ला आकडा आला तेव्हा ऑक्टोबर-डिसेंबर तिमाहीची वाढ 7 टक्के होती, आणि पूर्ण वर्षाचा अंदाज 7.1 टक्क्यांवर जसाच्या तसा. ज्या विमा कंपनीला मी व्याजदर आणखी खाली येतील असं सांगितलं होतं, तिच्या गुंतवणूक प्रमुखांनी एकच वाक्य ऐकवलं: ‘मॅडम, तुम्ही रस्ता बघून आलात, पण आमचे पैसे सांख्यिकी कार्यालयाच्या आकड्यावर लागलेत.’ असंघटित क्षेत्राचं थेट मोजमाप तेव्हा तिमाहीत होत नव्हतं, ते औद्योगिक उत्पादन निर्देशांकासारख्या दर्शकांवरून धरलं जायचं, आणि ते दर्शक बऱ्याच अंशी मोठ्या, संघटित उद्योगांचे असायचे. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण बाजार समितीतलं दृश्य इतकं ठळक होतं की कागदावरची पद्धत मी विसरले. पुढे सुधारित अंदाजांत त्या वर्षाची वाढ 8 टक्क्यांच्याही वर गेली. माझा राग अजून गेलेला नाही, पण ग्राहकाचा पैसा माझ्या रागावर चालत नाही.

आता ‘स्वतंत्र’ या शब्दाकडे वळते, कारण माहितीपत्रकात तो चार वेळा तरी असेलच.

बँकेचा किंवा ब्रोकरचा अर्थतज्ज्ञ फुकट लिहीत नाही. त्याच्या टिपणांचा खर्च तुमच्या व्यवहारांतल्या दलालीतून किंवा खरेदी-विक्रीच्या भावांतल्या फरकातून निघतो. युरोपात 3 जानेवारी 2018 पासून नियम आला की संशोधनाचे पैसे दलालीपासून वेगळे घ्यायचे. तेव्हा कळलं की आजवर ‘मोफत’ मिळणाऱ्या कागदांपैकी फार थोड्यांना कुणी वेगळे पैसे मोजायला तयार होतं. स्वतंत्र संस्थेला दलाली नसते, तिला फक्त वर्गणी मिळते. त्यामुळे तुम्ही व्यवहार करावा म्हणून ती घाई करत नाही. हा फरक खरा आहे आणि मी त्याला कमी लेखत नाही. बँकेत असताना मला कुणी ‘असं लिहू नका’ म्हटलं नाही. फक्त डीलरांनी भरपूर रोखे भरून ठेवलेले असले की माझ्या टिपणातलं ‘महागाई वाढेल’ हे वाक्य संध्याकाळपर्यंत ‘महागाईवर लक्ष ठेवावं लागेल’ असं व्हायचं. कोण बदलायचं ते कधी दिसलं नाही. बहुतेक वेळा मीच बदलत असे.

पण स्वतंत्र संस्थेलाही मालक असतात, त्यांना आम्ही ग्राहक म्हणतो. आमच्या धंद्यात सगळ्या वर्गण्यांपैकी निम्मा पैसा पाच-सहा मोठ्या ग्राहकांकडून येतो असं चित्र अगदी नेहमीचं आहे. मार्चमध्ये नूतनीकरण असतं. सगळ्यात मोठा ग्राहक लांब मुदतीचे रोखे धरून बसलेला असेल आणि तुमचा अहवाल दर महिन्याला ‘व्याजदर वाढणार’ म्हणत असेल, तर तो धमकी वगैरे देत नाही. तो फोन उचलायचा थांबतो. संस्थेतल्या नव्या मुलांना सूर बदलायला तेवढं पुरतं.

दुसरा दबाव याच्या उलट दिशेचा. बँकेचा अर्थतज्ज्ञ गर्दीबरोबर चुकला तर त्याचा पगार चालू राहतो. लहान संस्था गर्दीसारखंच बोलली तर तिला कुणी पैसे का द्यावेत? म्हणून वेगळं बोलायचा मोह होतो. तो एका मर्यादेपर्यंत चांगला आहे, पुढे त्याचा धंदा होतो. अमेरिकेतले रॉजर बॅबसन यांचं उदाहरण आमच्या क्षेत्रात जुनं आहे. सांख्यिकी सेवा विकणारी त्यांची संस्था 1904 सालची. 5 सप्टेंबर 1929 ला त्यांनी शेअरबाजार कोसळणार असं भाषणात सांगितलं आणि पुढच्याच महिन्यात तो कोसळला. नाव झालं. पण तेच ते त्याआधीची दोन वर्षंही सांगत होते, आणि त्यांचं ऐकून 1927 मध्ये बाजारातून बाहेर पडलेल्या माणसाने दोन वर्षांची मोठी तेजी हुकवली. आपल्याकडेही दर वर्षी मंदीचं भाकीत करणारे आहेत. त्यांचे व्हिडिओ फार बघितले जातात.

आणि गंमत म्हणजे, मंदी ही एक गोष्ट आमच्या जमातीला खरंच ओळखता येत नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत तेव्हा असलेले अर्थतज्ज्ञ प्रकाश लोंगानी यांनी 1990 च्या दशकातल्या जगभरच्या 60 मंदी तपासल्या. वर्षभर आधी सर्वसाधारण अंदाजांत दिसलेल्या मंदी होत्या दोन. याचं कारण मूर्खपणा नाही. मंदीची आकडेवारी येते तोवर मंदी घरात येऊन बसलेली असते, आणि एकट्याने ओरडून चुकण्यापेक्षा सगळ्यांबरोबर चुकणं नोकरीला सोयीचं असतं.

मग आम्ही विकतो तरी काय?

एक म्हणजे, आज काय चाललंय याची बातमी, अधिकृत आकड्याच्या आधी. विजेची रोजची मागणी, ई-वे बिलं (मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढावी लागणारी), वाहन पोर्टलवरच्या नोंदणी, रेल्वेची मालवाहतूक, डिझेलची विक्री, महिन्याच्या 1 तारखेचा जीएसटी. हे सगळं सार्वजनिक आहे. पण सण पुढे-मागे झाले, गेल्या वर्षी याच महिन्यात संप होता, पाऊस लांबला, असली भेसळ काढून त्याचा अर्थ लावणं हे पूर्णवेळ काम आहे, आणि ते नीट करणारी माणसं थोडी आहेत. सहा महिन्यांनंतरच्या भाकितापेक्षा या ‘आजच्या अंदाजा’त आमची खरी कमाई आहे. दुर्दैवाने माहितीपत्रकात ते छान दिसत नाही.

दुसरं, एखादा आकडा आला की तो किती दिवसांचा पाहुणा आहे ते सांगणं. जुलै 2023 आठवा. नारायणगावच्या बाजारात 20 किलोच्या टोमॅटोच्या क्रेटला दोन हजारांहून जास्त भाव मिळत होता. दोन महिने आधी भाव इतके पडले होते की अनेक शेतकऱ्यांनी पिकाकडे पाठ फिरवली होती, त्याचाच तो उलटा फटका. जुलैचा किरकोळ महागाई दर 14 ऑगस्टला आला: 7.44 टक्के. बाजाराने धरला होता 6.4 च्या आसपास. आता हिशेब बघा. 2012 पायाभूत वर्षाच्या त्या निर्देशांकात टोमॅटोचं वजन फक्त 0.57 टक्के. पण टोमॅटोचे भाव वर्षभरात सुमारे दोनशे टक्क्यांनी वाढले होते. म्हणजे 7.44 पैकी एक टक्क्याहून थोडं जास्त एकट्या टोमॅटोचं. अन्न आणि इंधन वगळून उरणारी महागाई पाचच्या खालीच होती. टोमॅटोची नवी लागण अडीच-तीन महिन्यांत बाजारात येते. म्हणून आमचं म्हणणं एवढंच होतं की रिझर्व्ह बँक या आकड्यावर व्याजदर वाढवणार नाही, घाबरून रोखे विकू नका. सप्टेंबरचा महागाई दर 5.02 टक्के आला, रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना उसने पैसे देते तो, 6.5 वरच राहिला. जुलैचा आकडा मात्र आम्हीही चुकलोच होतो. 7.44 आमच्या तक्त्यात कुठेच नव्हता. तरी ज्यांनी आमचं ऐकलं त्यांचं नुकसान झालं नाही.

उलटंही होतं. 6 जून 2025 ला रिझर्व्ह बँकेने रेपो अर्धा टक्का उतरवून 5.5 वर आणला. बहुतेकांना पाव टक्क्याची अपेक्षा होती. ज्यांनी अर्धा टक्का म्हटलं होतं ते त्या दिवशी दुपारपर्यंत हिरो होते. पण त्याच दिवशी पतधोरण समितीने आपली भूमिका ‘समावेशक’वरून ‘तटस्थ’ केली, म्हणजे पुढे फार कपात धरू नका असं सुचवलं. दहा वर्षांच्या रोख्याचं यील्ड, म्हणजे आजच्या भावाने घेतल्यावर मिळणारा वार्षिक परतावा, 6.2 च्या आसपास होतं, ऑगस्ट अखेरीस ते 6.6 च्या घरात गेलं. यील्ड चढलं की किंमत उतरते. रोख्याच्या किमतीत अडीच-तीन टक्क्यांचा खड्डा. दराचा अंदाज अचूक, आणि त्यावर लावलेला पैसा तोट्यात. म्हणून संस्थेला विचारायचा दुसरा प्रश्न: तुम्ही रेपोचा अंदाज देता की यील्डचा? अंदाज बरोबर आला तर माझ्या कागदाची किंमत कुठे जाईल, हे सांगता का?

तिसरं, घर कुठे गळतंय ते पाऊस यायच्या आधी दाखवणं. 2012-13 मध्ये चालू खात्याची तूट, म्हणजे देशाची परदेशातून होणारी कमाई आणि तिथे होणारा खर्च यांतली तफावत, जीडीपीच्या 4.8 टक्क्यांवर गेली होती. बाहेरून पैसा यायचा थांबला तर रुपया आणि रोखे दोन्ही मार खाणार, हे कुणीही शहाणा माणूस सांगू शकत होता. 22 मे 2013 ला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष बेन बर्नान्की यांच्या रोखेखरेदी कमी करण्याबद्दलच्या बोलण्याने ते सुरू होईल, हे कुणालाच सांगता आलं नसतं. दहा वर्षांचं यील्ड मेमध्ये सव्वासातच्या खाली होतं, ऑगस्टमध्ये नऊच्या वर गेलं. सुरक्षित म्हणून घेतलेल्या सरकारी रोख्यात तीन महिन्यांत सुमारे बारा टक्क्यांची घट. डेट फंड म्हणजे मुदत ठेव असं समजणाऱ्यांनी त्या वर्षी बरंच काही शिकून घेतलं. तारीख कुणी सांगितली नाही म्हणून मी कुणाला दोष देत नाही. पण ज्या संस्थेच्या 2013 च्या जानेवारी-फेब्रुवारीतल्या अहवालात चालू खात्याच्या तुटीवर दोन परिच्छेदही नव्हते, तिच्याकडून मी काही विकत घेणार नाही.

आता तपासायचं कसं ते सांगते. हे मी सहसा ग्राहकांना सांगत नाही.

त्यांच्याकडे मागच्या तीन वर्षांचे अहवाल मागा, तारखेसह, जसे पाठवले होते तसे. अचूकतेचा तक्ता मागू नका. तो तक्ता मीही बनवलाय, तो कसा बनतो ते मला माहीत आहे. त्यात एक नेहमीची हातचलाखी असते: आकडा यायच्या आदल्या आठवड्यात सुधारलेला अंदाज ‘आमचा अंदाज’ म्हणून दाखवतात. तोपर्यंत निम्मी माहिती बाहेर आलेली असते, बरोबर येण्यात फारसं कौतुक नसतं. तुम्हाला बघायचाय तो वर्ष सुरू होताना दिलेला पहिला अंदाज, आणि तो पुढे कधी, कशामुळे बदलला ते. दुसरी हातचलाखी म्हणजे कोणत्या आकड्याशी तुलना केली ती. 2020-21 च्या करोना वर्षाची घट पहिल्या आगाऊ अंदाजात 7.7 टक्के होती, मे 2021 मध्ये 7.3, पुढे 6.6, आणि शेवटी 5.8. म्हणजे साडेपाचपासून आठपर्यंत काहीही म्हटलेला माणूस यातला सोयीचा आकडा निवडून स्वतःला बरोबर ठरवू शकतो.

मग तेच अंदाज फुकटातल्या दोन गोष्टींशी लावून बघा. एक, ‘मागच्या वेळी होतं तेच या वेळी’ हा गावठी अंदाज. याला हरवणं वाटतं तितकं सोपं नाही. दोन, रिझर्व्ह बँकेचं व्यावसायिक अंदाजकर्त्यांचं सर्वेक्षण. ते 2007 पासून चालू आहे, तिच्या संकेतस्थळावर मोफत मिळतं, आणि त्यात बँका व स्वतंत्र संस्था अशा अनेकांचा मधला अंदाज असतो. एकटी संस्था सातत्याने या मधल्या अंदाजाला फार मोठ्या फरकाने हरवते असं माझ्या बावीस वर्षांत मी पाहिलेलं नाही. आमच्यासह.

जुन्या अहवालांत टक्केवारीचे शब्द शोधा. ‘40 टक्के शक्यता’ दिसली की थांबा. हा आमच्यातला लाडका आकडा. घडलं तर ‘आम्ही इशारा दिला होता’, नाही घडलं तर ‘आम्ही निम्म्याहून कमीच म्हटलं होतं’. शक्यता सांगणं चुकीचं नाही, उलट प्रामाणिकपणाचं आहे. पण ज्यांनी तीन वर्षांत कधीही 10 किंवा 85 म्हटलं नाही, सगळं 40 ते 60 मध्येच ठेवलं, त्यांनी काहीच म्हटलेलं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचा कागद: चुकल्यानंतरचा. 29 नोव्हेंबर 2024 ला 5.4 चा आकडा आल्यानंतर पहिल्या आठवड्यात त्यांनी काय लिहिलं ते वाचा. ‘जागतिक अनिश्चितता’ असलं काही असेल तर पुढे जा. ‘आम्ही अमुक दर्शक धरला, तो फसला, आता त्याऐवजी हे बघतोय’ असं असेल तर ती माणसं कामाची.

एक कायद्याची गोष्ट. अर्थव्यवस्थेवर किंवा बाजाराच्या सर्वसाधारण स्थितीवर भाष्य करणं हे बाजार नियामक सेबीच्या 2014 च्या रिसर्च अॅनालिस्ट नियमांत ‘संशोधन अहवाल’ धरलं जात नाही, त्यामुळे अशा संस्थेकडे नोंदणी नसणं गैर नाही. पण तीच संस्था तुम्हाला ‘हा शेअर घ्या, हा रोखा विका’ सांगू लागली, तर नोंदणी क्रमांक मागा. नसेल तर तो सल्ला ऐकू नका.

आता तुमचं. मला तुमचे आकडे माहीत नाहीत, म्हणून समजा असं धरते: 20 कोटी रोख्यांत आणि डेट फंडांत, सरासरी ड्युरेशन (यील्ड हललं की किंमत किती हलते याचं माप) तीन वर्षं. यील्ड अर्ध्या टक्क्याने हललं तर किंमत सुमारे दीड टक्का हलते, म्हणजे 30 लाख. हा आकडा वर्गणीपुढे मोठा दिसतो आणि विक्री करायला येणारा मुलगा तुम्हाला नेमका हाच दाखवेल. पण स्वतःला विचारा, व्याजदर वाढणार असं कुणी खात्रीने सांगितलं तर तुम्ही ड्युरेशन तीनवरून एकवर आणाल का? मागच्या पाच वर्षांत कधी आणलंत का? जर कागद मुदतीपर्यंत ठेवायचे ही घरातली पद्धत असेल, तर मधल्या काळात किंमत कुठे गेली याने तुमचं फारसं काही बिघडत नाही, आणि ते आधी कळून तुम्ही काही करणारही नाही. ज्याच्या हातून निर्णय बदलत नाही, त्याने अंदाज विकत घेणं म्हणजे न लढणाऱ्याने तलवारीला धार लावणं.

विमा कंपनीचं वेगळं असतं. तिच्याकडे तीस-चाळीस वर्षांचे रोखे, रोज नवा पैसा येतो आणि तो रोज कुठेतरी लावावाच लागतो. तिला आमची गरज आहे. तुम्हाला वर्षातून तीन-चार निर्णय घ्यायचे असतात.

उलट तुमच्याकडे जे आहे ते आमच्याकडे नाही. ट्रॅक्टर आणि ट्रकवाल्या गिऱ्हाइकांकडून पुढच्या महिन्यांचं शेड्यूल तुमच्या टेबलावर आमच्या कुठल्याही दर्शकाच्या आधी येतं. ते कधी कापलं गेलं, कधी वाढवलं, याची तीन-चार वर्षांची वही कुणी नीट ठेवली असेल तर ती मला दाखवा, चहा माझ्याकडून. थट्टा नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या दोन-तीन फाउंड्रीवाल्यांशी नियमित बोलून आम्ही अवजड वाहनांचा अंदाज सुधारलाय. त्यांना आम्ही पैसे दिले नाहीत, आणि तोच अंदाज वर्गणीत घालून दुसऱ्यांना विकला.

म्हणून माझं मत असं. पूर्ण वर्गणी घेऊ नका. रिझर्व्ह बँकेचं सर्वेक्षण आणि दर दोन महिन्यांचं पतधोरण निवेदन घरातल्या कुणीतरी नेमाने वाचावं, त्यातला पहिला अर्धा तास कंटाळवाणा आहे, नंतर जमतं. संस्था तपासून चांगली वाटली तर तिच्याकडून तिमाहीतून एक तास बोलण्याचे पैसे ठरवा. बहुतेक लहान संस्था याला तयार होतात, पण ते यादीत लिहिलेलं नसतं, मागावं लागतं. तो तास अहवालावर सही करणाऱ्या अर्थतज्ज्ञाबरोबरच हवा, विक्री विभागाबरोबर नको, हे पत्रात लिहून घ्या. बोलण्याआधी आठ दिवस तुमचे प्रश्न पाठवा: भट्टीचं वाढीव कर्ज आता घ्यावं की सहा महिन्यांनी, निर्यातीच्या डॉलरचं फॉरवर्ड कव्हर (पुढच्या डॉलरचा भाव आजच ठरवून ठेवणं) किती घ्यावं, मार्चमध्ये मुदत संपणारा रोखा पुन्हा किती वर्षांसाठी लावावा. असे प्रश्न आले की आमची माणसंही नीट तयारी करून येतात.

आणि करार वाचताना दोन जागा बघा. वर्ष संपल्यावर आपोआप नूतनीकरण होतं का, आणि होत असेल तर किती दिवस आधी नाही म्हणावं लागतं. बऱ्याच करारांत ती मुदत साठ दिवसांची असते, म्हणजे मार्चच्या वर्गणीला जानेवारीच्या अखेरीस नकार द्यावा लागतो. दुसरी जागा, सांगितलेल्या रकमेवर 18 टक्के जीएसटी वेगळा आहे की धरलेला.